पहिली क्रेन कोणाची

खोपोलीजवळच्या चौक गावी कामाला जायला लागले त्याच आठवड्यात मी माणसांना लोखंडाने एकमेकांना मारताना पाहिलं. जुन्या हायवेवर एक ट्रक पुढच्या कारवर चढला होता. कारचं बॉनेट चेपून आत गेलं होतं आणि स्टिअरिंग चालवणाऱ्याच्या छातीला टेकलं होतं. तो शुद्धीवर होता. "अहो, अहो," एवढंच म्हणत होता, कोणाला तरी दुकानात हाक मारावी तसं.

तिथे दोन क्रेन आल्या होत्या आणि दोन्ही क्रेनची माणसं रस्त्यात भांडत होती. एकाने दुसऱ्याच्या कानशिलात दिली. दुसऱ्याने क्रेनमधून साखळी काढली आणि त्याच्या पाठीवर मारली. साखळी शर्टाला अडकली, शर्ट फाटला, आणि पाठीवर कड्यांचे ठसे एका ओळीत उमटलेले मला दिसले. "गाडी माझी हाय! मला मेसेज आलाय!" "मला पण आलाय, भडव्या!" शेवटी बाजूच्या ढाब्यावरच्या माणसांनी पहारीने दरवाजा फाकवून त्या माणसाला बाहेर काढलं. त्याच्या फासळ्या मोडल्या होत्या, पण तो वाचला. क्रेनवाले तोवर एकमेकांच्या उरावरच होते.

दोघंही खरं बोलत होते. दोघांनाही मेसेज गेला होता, आणि तो पाठवणारा प्रोग्राम दुरुस्त करण्यासाठीच मला बोलावलं होतं.

मी मूळची कर्जतची. वडील वकील, आई शाळेत शिक्षिका. नवी मुंबईत काही वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि मग कंटाळून घरी परतले. घरूनच बाहेरची कामं घेत होते. चौकचं काम मिळालं तेव्हा वडील म्हणाले होते, "त्या लोकांत कशाला पडतेस?" ते लोक म्हणजे चौक ते खोपोली पट्ट्यातले क्रेनमालक. सगळे आजूबाजूच्या गावांतले, शेती असलेले. त्यांनी एकत्र येऊन एक केंद्र काढलं होतं. गॅरेजच्या वर एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक कूलर. कुठे गाडी बंद पडली किंवा अपघात झाला की विमा कंपन्यांकडून, हेल्पलाइनकडून निरोप कॉम्प्युटरवर यायचा आणि प्रोग्राम ठरवायचा की कोणाची क्रेन निघणार.

केंद्राची प्रमुख एक बाई होती. सगळे तिला वहिनी म्हणत, मीही म्हणू लागले. चाळिशीची, काटक, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. काही वर्षांपूर्वी क्रेनचा वायरदोर तुटून तिच्या नवऱ्याच्या पाठीवर बसला, तेव्हापासून तो गावी खाटेवर होता आणि धंदा ती बघत होती. तिचा दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याच्या स्वतःच्या दोन क्रेन होत्या. भांडणातली एक त्याचीच.

प्रोग्राम उघडून पाहिला तेव्हा दोन क्रेन एकाच अपघाताला का गेल्या ते मला दुपारपर्यंत कळलं. बाहेरून निरोप आला की फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, त्याचा पत्ता वाचतं आणि तो योग्य कंट्रोलरकडे, म्हणजे तसा निरोप हाताळणाऱ्या तुकड्याकडे, सोपवतं. कारचा निरोप एका कंट्रोलरकडे, ट्रकचा दुसऱ्याकडे, बंद पडलेल्या गाडीचा तिसऱ्याकडे. एवढं बरोबर होतं. पण पुढे प्रत्येक कंट्रोलर स्वतःचा संसार स्वतः मांडून बसला होता. क्रेनची यादी स्वतः उघडायचा, कोणाला पाठवायचं ते स्वतः ठरवायचा, ड्रायव्हरला मेसेज स्वतः टाकायचा. कारवाल्याच्या विमा कंपनीचा निरोप एका कंट्रोलरने घेतला आणि दिराची क्रेन लांबून बोलावली. ट्रकवाल्याचा निरोप दुसऱ्याने घेतला आणि शेजारी उभी असलेली क्रेन पाठवली. एका कंट्रोलरला दुसऱ्याचं काही माहीत नव्हतं.

आणि दिराची क्रेन लांबून का बोलावली, तेही सापडलं. चौकपासून टोलनाक्यापर्यंत कुठेही महागाची गाडी पडली की त्याचाच नंबर पहिला. हे प्रत्येक कंट्रोलरमध्ये वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. आधीचा प्रोग्रामर त्याचा मित्र होता.

मी वहिनींना खाली गॅरेजात जाऊन सांगितलं. त्या टायरवर बसून चहा पीत होत्या.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच म्हाईत हाय. पण कुटं लिवलंय ते कुनाला गावत नवतं."

"सगळीकडे लिहिलंय. एका ठिकाणचं काढलं तर दुसऱ्या ठिकाणी उरेल."

"मग सगळंच उपट."

"सगळं म्हणजे बराच गोंधळ होईल, वहिनी."

"व्हऊ दे. रस्त्यात रोज व्हतोय त्यापरीस कमीच आसंल."

मी काम सुरू केलं, पण पहिल्याच दिवशी अडले. कुठलाही कंट्रोलर चालवून बघायचा म्हटलं की तो खराच मेसेज टाकायचा, कारण मेसेज टाकणारा भाग त्याने पोटातच धरून ठेवलेला. मी एक खोटा अपघात टाकून पाहिला आणि एक म्हातारे ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणत, खरेच क्रेन घेऊन घाटात जाऊन आले. परतल्यावर जिना चढून वर आले, पायातली चप्पल काढली आणि माझ्या टेबलावर फेकली. कप फुटला.

"घाटात लोकं मरत्यात मॅडम, तुमची मस्करी व्हते काय?"

काका माणूस म्हणून वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी नवा कप त्यांनीच आणून ठेवला.

त्यानंतर मी ठरवलं की कंट्रोलरच्या हातातून सगळं काढून घ्यायचं. यालाच आमच्या धंद्यात डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी. कंट्रोलरने स्वतः काही बनवायचं नाही. त्याने जन्मताना फक्त सांगायचं, मला एक ठरवणारा लागतो आणि एक मेसेज टाकणारा लागतो. तो कोणता, हे बाहेर, एकाच ठिकाणी ठरणार. त्या जागेला कंटेनर म्हणतात. चाचणी करताना कंटेनरमध्ये खोटा मेसेजवाला ठेवायचा, म्हणजे घाटात कोणी धावणार नाही. आणि कोणती क्रेन निघणार त्याचा नियम सगळ्यांना मिळून एकच.

घोडं अडलं ते फ्रेमवर्कपाशी. त्याला कंट्रोलर स्वतःच जन्माला घालायची सवय. त्याची अपेक्षा अशी की कंट्रोलर रिकाम्या हाताने उभा राहील. माझे कंट्रोलर आता दाराशीच मागणी करायला लागले, तसं फ्रेमवर्क प्रत्येक निरोपाला लाल अक्षरांत बोंबलायचं की मला हा बनवता येत नाही. मी दोन दिवस त्या लाल अक्षरांवर डोकं आपटलं. शेवटी त्याचा तो बनवण्याचा अधिकारच काढून घेतला. निरोप आला की पत्ता तू वाच, कोणता कंट्रोलर तेही तूच सांग, पण तो जन्माला घालायचं काम माझ्या कंटेनरला विचारून होईल. जोडणी बसली आणि लाल अक्षरं गेली. त्या दुपारी मी एकटीच टाळी वाजवली.

खाली गॅरेजात त्याच वेळी दीर एका क्लीनरला मारत होता. उशिरा आला म्हणून. हातात इंजिनाचा जुना पट्टा होता. मी खिडकीतून पाहिलं. तो क्लीनर चांगला मिशीवाला, लग्न झालेला माणूस होता आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उकिडवा बसला होता. पट्ट्याचा आवाज ओला कपडा आपटल्यासारखा येत होता. कोणी मध्ये पडलं नाही. मारून झाल्यावर दिराने घाम पुसला आणि वर बघून मला विचारलं, "झालं का मॅडम काम?"

नियम ठरवायला सगळे मालक गॅरेजात बसले. वहिनींनी विचारलं, मी सांगितलं की जी क्रेन जवळ असेल आणि रिकामी असेल ती निघेल, दुसरं काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दीरही हसत म्हणाला, "लावा की नियम. आपलं काय जातंय?" त्याला वाटत होतं, मित्राने जागोजागी पेरलेलं ते कोणाला दिसलेलं नाही. वहिनींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "आता ठरवनं किती ठिकानी हाय गं?"

"एकाच ठिकाणी."

"बास," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा ते उत्तर देताना अभिमान वाटला. दीर माझ्याकडे बघत होता हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

नवा प्रोग्राम चालू केला आणि दिराचा फोन थंडावला. अगदी बंद नव्हे, त्याच्या वाट्याचं त्याला मिळत होतं. पण पूर्वी दिवसभर वाजणारा फोन आता इतरांसारखा वाजू लागला. दोन-तीन दिवस तो गॅरेजात नुसता येरझारा घालत होता. मग एका दुपारी, फोन घेणारी मुलगी जेवायला गेली असताना, तो वर आला. हातात टॉमी होती, चाकाचे नट काढायची लोखंडी कांब.

तो सरळ टेबलाशी आला. पहिला घाव त्याने मॉनिटरवर घातला. काच फुटली, पडद्यावर क्षणभर हिरवे पट्टे दिसले आणि विझले. दुसरा कूलरवर. पाणी सगळ्या फरशीवर पसरलं.

"यात काही नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "प्रोग्राम इथे नाही. तो सर्व्हरवर आहे, दुसरीकडे."

"म्हाईत हाय. मी काय अडाणी हाय?" त्याने माझा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हे फोडलं नाय मी. यातनं कर. एकाच ठिकानी हाय ना आता? सगळ्यांसमोर सांगितलंस. मग एकच ओळ बदल. पैली क्रेन माजी."

तो बरोबर बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आधी त्याचा वशिला इतका विखुरलेला होता की काढणं कठीण होतं, आता घालणं सोपं झालं होतं. ती सोय मीच केली होती, आणि चांगलं काम केलं म्हणूनच झाली होती.

"नाही बदलणार," मी म्हटलं.

त्याने माझं डावं मनगट धरलं, पंजा टेबलावर दाबला आणि टॉमी आणली. आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला मागून लागलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला होती. मी ओरडले असेन, कारण खालून जिन्यावर पावलं वाजली.

वहिनी वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोठा पाना होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबल्या नाहीत, विचारलं नाही, काही नाही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर. त्याची टॉमी पडली. तो वळला तसा दुसरा गुडघ्यावर, आणि तो पाण्यात आडवा झाला. मग त्या त्याच गुडघ्यावर मारत राहिल्या.

"घरात मारलंस, ऐकून घेतलं! भाऊ खाटंवर हाय म्हनून मारलंस, ऐकून घेतलं! हितं नाय! हितं नाय!"

तो आधी शिव्या देत होता, मग "वहिनी, वहिनी" म्हणू लागला, मग नुसता ओरडू लागला. फरशीवरचं पाणी लाल झालं. काका धावत आले आणि त्यांनी वहिनींना मागून घट्ट आवळून धरलं.

"वहिनी, सोड! मरंल तो!"

"मरू दे रं!"

मी त्यांना थांबवलं नाही. एका हाताने दुसरा हात धरून मी भिंतीला टेकून उभी होते, आणि अजून एक फटका बसावा असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला शांत स्वभावाची समजत होते. त्या दिवसापासून समजत नाही.

त्याला टेम्पोत घालून एका दवाखान्यात नेलं, मला काकांनी दुसऱ्या. बोटांना पट्ट्या बांधून आम्ही खालापूरला पोलीस ठाण्यात गेलो. जबाब लिहिणारे हवालदार समजूतदार होते. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "मारायचं कारण काय लिहू? जागेचा वाद? पैशाचा?"

"मी प्रोग्राम बदलला."

"म्हणजे काय केलंत?"

मी सांगायला लागले. कंट्रोलर, कंटेनर, कोण काय बनवतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मला मराठीत सांगा."

"आधी त्याचा वशिला सगळीकडे पेरलेला होता. मी तो उपटला आणि निर्णय एका जागी आणला. त्याला ती जागा पाहिजे होती."

"असं बोला ना," ते म्हणाले आणि लिहू लागले.

वहिनींनी स्वतःचाही जबाब दिला. मी मारलं, कितीदा ते मोजलं नाही, असं स्वच्छ सांगितलं. दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल झाले. त्याच्या गुडघ्यात प्लेट बसवली. तो जामिनावर सुटला आणि कुबडी घेऊन घरी गेला.

महिनाभराने त्याची आई, म्हणजे वहिनींची सासू, कर्जतला आमच्या घरी आली. सोबत तांदळाचं गाठोडं होतं. सोफ्यावर बसली नाही, जमिनीवर बसली.

"लेकरू हाय माजं," ती म्हणाली. "येक खाटंवर पडलाय, येक लंगडा झाला. तू तक्रार मागं घे, बाय. तुजी बोटं भरतील."

वडील मध्ये बोलले. "घेऊन टाक मागे. आपली माणसं नाहीत ही, आपल्याला काय करायचंय त्यांच्यात?" म्हातारी खाली मान घालून ऐकत होती.

मला दोघांचाही राग आला, पण जास्त वडिलांचा. "आजी," मी म्हटलं, "तुमच्या सुनेला तो घरात मारायचा तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तिने वर पाहिलं. "तितंच व्हते," ती म्हणाली. "मलाबी मारायचा."

तांदूळ ती ठेवून गेली. आईने ते शेजारच्या बाईला दिले, आमच्या घरात शिजवायला कोणाचं मन होईना. तक्रार मी मागे घेतली नाही.

दिराने केंद्रातून आपल्या क्रेन काढून घेतल्या होत्या आणि त्याची माणसं आता हायवेवर स्वतःच गाड्या पकडायला उभी राहू लागली. भांडणं वाढली. काकांच्या क्रेनची काच दगड मारून फोडली, एक तुकडा त्यांच्या भुवईत घुसला. पण निरोप सगळे केंद्रात येत होते. पावसाळा संपेपर्यंत त्याचे ड्रायव्हर रिकामे बसून कंटाळले आणि एक-एक करून वहिनींकडे येऊन, परत घेता का, असं विचारू लागले.

वहिनींनी मला फोन केला. मी तेव्हा चौकला जाणं बंद केलं होतं, काम कर्जतहूनच करत होते.

"त्याच्या दोन क्रेनी यादीत घाल," त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझी दोन बोटं वाकडी आहेत."

"म्हाईत हाय. तो वरच्या खोलीत पाय ठेवनार नाय. कोर्टात मी तुज्या बाजूनं उभी ऱ्हानार, शपथ घेऊन सांगनार. पन क्रेनीनं कुनाला मारलं नाय, बाय. तिच्यावर चार घरं जगत्यात."

"आणि त्याचंही घर जगतं."

"जगंल. त्याची बायको, पोरं कुटं जातील?"

मी फोन आपटला. नंतर कितीतरी वेळ घरात भांडी आदळत होते. मग संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसले.

दोन क्रेन यादीत घालायला वेळ लागत नाही. पण मी आधी दुसरंच लिहिलं. ठरवणाऱ्या भागात एक अट घातली, की त्याच्या क्रेन कितीही जवळ असल्या तरी शेवटी. खोटा मेसेजवाला लावून चालवून पाहिलं. चौकला अपघात टाकला, त्याची क्रेन शेजारीच उभी केली, आणि प्रोग्रामने खोपोलीहून दुसरी बोलावली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. कोणाला कधी कळलं नसतं. त्याच्या घरातली चूल मी घरात बसून, आवाज न करता विझवू शकत होते. ते बघताना मला बरं वाटत होतं. गुडघ्यावर पाना पडत होता तेव्हा वाटलं होतं, तसंच.

मग कारमधला तो माणूस डोळ्यांपुढे आला. अशाच कोणाच्या तरी एका अटीपायी दोन क्रेन तिथे भांडत होत्या आणि तो "अहो, अहो" म्हणत होता. मी अट पुसली. पुसताना चांगुलपणा वगैरे काही वाटला नाही, रागच होता, वहिनींवरचा, त्याच्यावरचा. दोन्ही क्रेन इतरांसारख्या घातल्या, चाचण्या लावल्या, सर्व्हरवर चढवलं.

वहिनींना फोन केला. "घातल्या."

"बरं," त्या म्हणाल्या. मागे त्यांच्या नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव मग. आनि परवा कोर्टाची तारीख हाय, ध्यानात हाय ना? तुला न्यायला येते."